हद्दीअलीकडे एक मुक्काम

बोर्डी, ९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

फोन तू उचलत नाहीस. पाडव्याला उचललास, माझा आवाज ऐकलास आणि "आपला नंबर चुकला आहे" म्हणून ठेवून दिलास. उमरगावात चुकलेला नंबर इतक्या शुद्ध मराठीत सांगणारी बाई तू एकटीच, तेव्हा नंबर बरोबर होता. म्हणून आता पत्र. न वाचता परत पाठवायचं तर पोस्टापर्यंत चालत जावं लागेल, आणि तुझे गुडघे मला माहीत आहेत.

बातमी अशी की घराच्या मागच्या तीन खोल्या मी पाहुण्यांसाठी तयार केल्या आहेत. विपुलच्या चिकूच्या वाइनचं हे पाचवं वर्ष. लोक चव घ्यायला येतात, वाडीत फिरतात, मग विचारतात, जेवायचं कुठे, राहायचं कुठे? सगळ्यात जास्त विचारतात ते तुमच्या बाजूचे, वापीचे, वलसाडचे. कारण तुला सांगायला नको. इथे ग्लासभर घेतलेल्या माणसाला त्याच संध्याकाळी झाईची हद्द ओलांडून गुजरातेत जाता येत नाही. तुमचे पोलीस तोंडाचा वास घेतात. त्यामुळे आमच्याकडे चव घेणं म्हणजे मुक्काम करणं आलंच. विपुल म्हणाला, "आई, वाइन विकायची असेल तर आधी गाद्या घ्यायला हव्यात." गाद्या घेतल्या.

नाताळच्या सुट्टीत खोल्या परक्यांना उघडणार. त्याआधी पहिले पाहुणे तू आणि देवेशभाई. मी सगळा बेत आखून ठेवला आहे. शनिवारी, १४ डिसेंबरला, सकाळी या. रिक्षाने झाईवरून आलात तर खाडीवरचा वारा खाऊन होईल. आल्यावर नारळाचं पाणी, मग वाडीत फेरी. या वर्षी कालीपत्ती चिकू इतका लागला आहे की बेडणीची लांब काठी घेऊन माणसं उभी राहिली तरी जाळीत काय घ्यावं असं होतं. दुपारी जेवण. संध्याकाळी पडवीत चव घेण्याचा कार्यक्रम, तीन प्रकारच्या वाइन, छोट्या ग्लासांत, सोबत भाजलेले शेंगदाणे आणि पापडी. तुला चिकूचा ताजा रस. तुला कोणी आग्रह करणार नाही. रविवारी सकाळी समुद्रावर, दुपारी घरी.

कॉन्व्हेंटातल्या सिस्टर लुर्द आम्हाला सहलीचा असाच तास-तासाचा बेत लिहायला लावायच्या. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला.

चव घ्यायचं टेबल मी पडवीत अप्पांच्या आरामखुर्चीच्या जागी ठेवलं आहे. संध्याकाळी तिथे ऊन तिरकं येतं. अप्पांना आवडलं असतं. मला आठवतात ते गाणं म्हणत फाटकातून येणारे अप्पा, खिशात माझ्यासाठी चिकू. दाबून पिचलेला, पण माझ्यासाठी.

पाच वर्षांपूर्वी याच पडवीत तू म्हणाली होतीस, "ज्या घरात बाटली आली, त्या घरात माझं पाऊल पडणार नाही." ठीक आहे. बोललीस, पाळलंस. पाच वर्षं पाळलंस. आता ये.

तुझी,
मयू


बोर्डी, १९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. "बेत कळला. येणे होणार नाही. देवेश यांना मधुमेह आहे." एवढ्या तीन वाक्यांसाठी अख्खं कार्ड! पण कार्ड आलं. मी ते फ्रीजला लावलं आहे.

मधुमेहाचं मी संगीताशी बोलले. संगीता म्हणजे आमच्याकडे स्वयंपाक बघते ती, तलासरीची. जिभेला हाड नाही, हाताला चव आहे. ती म्हणाली, "चिकूच्या गावात मधुमेहवाला जावई! त्यांना काय नुसतं झाड दाखवायचं का?" मग तिनेच बेत बदलला. देवेशभाईंना शाकाहारी आणि बिनसाखरेचं. थंडी पडली की उकडहंडी करणार आहोत. वालपापडी, कंद, रताळी, सगळं मडक्यात भरून, पाला लावून, मडकं जमिनीवर उलटं ठेवून भोवती जाळ. तुमच्याकडे तिला उंबाडियू म्हणतात आणि ती तुमचीच आहे असं सांगतात. देवेशभाईंशी यावर भांडायला मी तयार आहे. तुला बोंबील. त्यांच्या नजरेआड, स्वयंपाकघरात बसून खा, लग्नाआधी खायचीस तशी.

खोली तुम्हाला मागची दिली आहे, आपली. तुझी आणि माझी. पूर्वेच्या खिडकीची. भिंतीला चुना दिला, फरशी घासून घेतली, पलंग तोच ठेवला, न्हाणीघर आतून जोडून घेतलं. एक गंमत सांगते. दाराच्या आतल्या बाजूला एक कडी सापडली, जमिनीपासून जेमतेम मांडीएवढ्या उंचीवर! मोठ्या माणसाने लावायची तर कमरेत वाकावं लागेल. वर नेहमीच्या जागी काहीच नाही. विपुल हसत सुटला. म्हणाला, "सुतार झोकून आला असणार." मी ती काढून टाकली आणि वर छान पितळी कडी बसवून घेतली. पाहुणे काय म्हणतील?

आणि मुक्कामाचं नाही म्हणू नकोस. आई होती तेव्हाही तू यायचीस, दिवसभर राबायचीस आणि संध्याकाळच्या गाडीने परत. आई म्हणायची, सासरी शिस्त कडक आहे. मला तेव्हाही ते पटायचं नाही. देवेशभाईंसारखा माणूस कसली शिस्त लावणार? मला वाटायचं, तुला आमचा कंटाळा येतो. आठव्या वर्षी मला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये टाकलं, तेव्हापासून मी या घरासाठी झुरले. तुला मात्र ते सगळं मिळालं, वाडी, समुद्र, अप्पा, आणि तू एक रात्र राहायला तयार नाहीस. हे मी कधी बोलले नव्हते. आता बेतात घातलं आहे, म्हणजे उत्तर द्यावं लागेल.

तुझी,
मयू


बोर्डी, २९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

या वेळचं कार्ड दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. पत्त्याच्या कडेलासुद्धा. पोस्टमनने वाचलं असेल तर वाचू दे.

तू लिहिलं आहेस: "ती कडी मी बसवून घेतली. मी चौदा वर्षांची होते, तू पाच. सुतार शुद्धीत होता. त्याला मी तुला उभी करून उंची दाखवली, तुझा हात पोचावा म्हणून. अप्पा गाणं म्हणत यायचे हे खरं आहे. फाटकापासून पडवीपर्यंत गाणं. गाणं संपलं की तुला आत ढकलून मी कडी लावायला सांगायचे. नंतरचे अप्पा तू पाहिलेले नाहीस. ते मी पाहिले, आईने पाहिले. तुला बोर्डिंगला पाठवायचा हेका माझा. आई रडत होती. आता त्याच जागी टेबल मांडलंस. मांड. मला बोलावू नकोस."

ताई, मी हे वाचलं आणि विपुलला विचारलं, ती कडी कुठे आहे? भंगारात गेली होती. मी दारापाशी खाली बसले. जुने खिळे होते तिथे भोकं आहेत अजून. मी बोट लावून पाहिलं. खाली बसलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर येतात ती. पाच वर्षांची मुलगी केवढीशी असते गं.

आता मला आठवतं, मी कडी लावायचे. मला तो खेळ वाटायचा. तू बाहेरून टकटक करून सांगायचीस, "लागली का?" मी म्हणायचे, "लागली!" आणि फार मोठं काम केल्यासारखी झोपायचे. तू आत कधी यायचीस ते मला माहीतच नसायचं. सकाळी उठायचे तेव्हा तू चुलीपाशी असायचीस. मी कधी विचारलंच नाही की कडी आतून लावलेली असताना तू झोपायचीस कुठे.

म्हणजे माझे ते गाणारे अप्पा तू मला दिलेस. बोर्डिंगमध्ये रात्री उशीत डोकं खुपसून मी त्यांच्यासाठी रडायचे. मैत्रिणींना सांगायचे, माझे वडील गातात. आज बासष्टाव्या वर्षी मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन, आणि ते खोटं नाही. फक्त आता मला कळलं आहे की त्यांना तिथवर कोणी थांबवून धरलं होतं.

आता ऐक. टेबल मी पडवीतून काढलं आहे. पलीकडच्या शेडमध्ये नेलं, जिथे चिकू पिकवायला ठेवतो तिथे. घरात बाटली येणार नाही, ग्लास येणार नाही. घरात फक्त जेवायचं आणि झोपायचं. हे तुझ्यासाठी केलं, पण तू आली नाहीस तरी असंच राहील.

वाइन मात्र बंद करणार नाही. खोटं सांगून तुला बोलावलं तर तू फाटकातच ओळखशील. विपुलने हे काम नाशिकला राहून शिकून घेतलं. पिकून मऊ झालेला चिकू बाजारात जात नाही, दुसऱ्या दिवशी सडतो. आपण गाड्यांनी फेकून दिलेला चिकू तुला आठवतो. त्यातून माझा मुलगा काहीतरी नीट करतो आहे. अप्पा जे प्यायचे ते हे नाही असं मी म्हणणार नाही. दारू ती दारू. पण कोणाला किती द्यायची आणि कधी थांबायचं हे या घरात आता मी ठरवते.

मुक्कामाचा हट्ट सोडते. तू राहत नाहीस म्हणून मी पत्रात तुला टोचलं, ती टोचण्यासारखी गोष्ट नव्हती. शनिवारी दिवसाउजेडी ये, वाडी बघ, जेव, संध्याकाळी परत जा. चार वाजता रिक्षा दारात उभी असेल.

तुझी,
मयू


बोर्डी, ८ डिसेंबर

प्रिय ताई,

तू विचारलंस, "आणि एखादा जास्त प्यायला तर? दार कोण अडवणार? विपुल?"

योग्य प्रश्न. उत्तर गेल्या रविवारी मिळालं, तेव्हा ते सांगते.

वापीचे तिघे आले होते. तिशीतले, गाडी भारी, चष्मे डोक्यावर. तीन छोटे ग्लास झाले. आमच्याकडे माणशी तीनच, त्यापुढे बाटली घ्या आणि मुंबईच्या बाजूला घेऊन जा. त्यातला एक म्हणाला, "काकी, अजून एक राउंड."

मी म्हटलं, "नाही."

"पैसे देतो ना काकी."

"पैसे तर मी घेणारच आहे. वाइन देणार नाही."

"अरे, आम्ही इथे एन्जॉय करायला आलोय. ही काय शाळा आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "आणि तू वर्गात उभा आहेस."

दुसरा हसला, त्यामुळे पहिल्याला राग आला. खुर्ची मागे ढकलून तो माझ्या अंगावरच आला. विपुल पुढे होत होता, मी त्याला हाताने मागे केलं. आणि ताई, माझ्या तोंडून सिस्टर लुर्द बोलल्या: "यंग मॅन, सिट डाउन. अँड टेक युअर एल्बोज ऑफ माय टेबल." त्याचे कोपर टेबलावर नव्हतेच. पण तो बसला. बसला आणि हात मांडीवर ठेवले.

संगीता नंतर म्हणाली, "बाई, तुम्ही इंग्रजी बोललात की माझीपण पाठ सरळ होते."

गाडीची किल्ली मी मागून घेतली. तिघांच्या पोटात त्यांनी गाडीत बसून घेतलेलं दुसरंही काहीतरी होतं, ते तोंडावरून कळतच होतं. घरात घेतलं नाही. शेडमध्ये खाटा टाकून दिल्या, पिठलं-भाकरी दिली आणि सांगितलं की किल्ली सकाळी चहाबरोबर मिळेल. म्हणजे खरे पहिले पाहुणे तेच झाले, पण मी त्यांना धरत नाही. सकाळी तो उभा राहिलेला मुलगा कप धुऊन ठेवायला स्वयंपाकघराच्या दाराशी आला. "सॉरी टीचर," म्हणाला.

हे झालं दाखवायचं. आता न दाखवायचं. तो अंगावर आला तेव्हा मी घाबरले होते. पदराखाली हात घट्ट धरून उभी होते मी. बासष्ट वर्षांची, बाजूला तरुण मुलगा, गडीमाणसं हाकेवर, उन्हं अजून झाडांवर. आणि तरी. त्या वेळी मला चौदा वर्षांची तू दिसलीस. तुझ्या बाजूला कोण होतं?

दार कोण अडवणार, हे तू मला विचारलंस. मी अडवीन. मला जमतं. ज्या शाळेत ते शिकले तिथे मला तूच पाठवलं होतंस.

शनिवारी ये. संगीताने मडकं आणून ठेवलं आहे.

तुझी,
मयू


बोर्डी, १४ डिसेंबर, दुपार

प्रिय ताई,

तू घरात असताना तुला पत्र लिहिते आहे, याला सिस्टर लुर्द वेडेपणा म्हणाल्या असत्या. पण तू जागी झालीस की बोलण्यात आजचं सगळं निसटून जाईल, आणि तुझ्यासमोर मला नीट बोलता येत नाही. कधीच येत नव्हतं.

रिक्षातून उतरलीस आणि पहिला प्रश्न: "टेबल कुठे आहे?" कशी आहेस नाही, किती वाळलीस नाही. सरळ शेडकडे. पर्स काखेत, तपासणीला आलेल्या साहेबासारखी. विपुलने टाक्या दाखवल्या, रस कसा काढतो, किती दिवस मुरतो ते सांगितलं. तू टाकीपाशी वाकून वास घेतलास.

"घसा जाळते का रे ही?"

"नाही मावशी."

"मग लोक पितात कशाला?"

 पाच वर्षांत विपुलला हे कोणी विचारलं नव्हतं.

देवेशभाईंनी एक ग्लास उचलून नाकापाशी नेला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मयुराबेन, वासावर तर बंदी नाय ने?"

तू पाठमोरी होतीस, तरी ऐकलंस. "हद्दीच्या आधी तुमच्या तोंडाचा वास मी घेईन," म्हणालीस. त्यांनी ग्लास असा ठेवला की जणू तो कधी उचललाच नव्हता. संगीता तोंडाला पदर लावून आत पळाली.

तू चव घेतली नाहीस. विपुलने विचारलंही नाही. टेबलावरचे ग्लास मात्र तू एकेक करून उजेडात धरून पाहिलेस आणि एक परत धुवायला दिलास. माझ्या मुलाच्या कामाचं तू एवढं केलंस, मला पुरे झालं.

घराशी आल्यावर पडवीच्या पायरीपाशी थांबलीस. पडवी रिकामी होती. तू त्या रिकाम्या जागेकडे बघितलंस, मग तिच्यावरून चालत आत आलीस. बाजूने नाही. वरून. मग म्हणालीस, "इथे तुळशीची कुंडी ठेव, ऊन चांगलं येतं." आणि स्वयंपाकघरात बसून बोंबील खाल्लेस. पाच. मीठ कमी आहे म्हणालीस आणि सहावा घेतलास. बाहेर देवेशभाई उकडहंडी गुजरातची कशी हे विपुलला पटवत होते.

जेवण झाल्यावर म्हणालीस, "रिक्षा चारला ना? मग जरा पाठ टेकते." मागच्या खोलीत गेलीस. दार लोटलंसही नाहीस.

थोड्या वेळाने मी डोकावले. तू कुशीवर झोपली होतीस, तोंड किंचित उघडं, हात उशीखाली. मी देवेशभाईंना सांगायला गेले की तिला उठवा, चार वाजत आले. ते माझ्याबरोबर आले, दारातून बघितलं आणि मला हाताने थांबवलं.

"दुपारी झोपताना मी हिला कधी बघितली नाय," ते म्हणाले. "रात्रीपण अर्धी जागीच असते. बाजूच्या घरात कोणी दार आपटलं तरी उठून बसते. विचारलं तर म्हणते, सवय आहे. कसली सवय, ते मला अजून सांगितली नाय."

मी सांगितलं नाही. ते तुझं तू सांग, वाटलं तर.

चार वाजता रिक्षा आली. देवेशभाई चपला घालून फाटकापर्यंत गेले आणि रिक्षावाल्याशी गुजरातीत काहीतरी बोलले. तो रिकामी रिक्षा घेऊन परत गेला. मग ते पडवीच्या पायरीवर बसले आणि संगीताकडे बिनसाखरेचा चहा मागितला.

मी खुर्ची तुझ्या खोलीच्या दारासमोर आणून ठेवली आहे. मांडीवर पाट घेऊन लिहिते आहे. मघाशी फाटकाशी एक गाडी आली. सुरतेचं एक जोडपं, मागे आणखी दोघे. मी उठून बाहेर गेले.

"आज टेस्टिंग बंद आहे," मी म्हटलं.

"अरे आंटी, बोर्डवर तर शनिवार चालू लिहिलंय. इतक्या लांबून आलो."

"उद्या या. आज नाही."

त्या बाईने माझ्या खांद्यावरून घराकडे पाहिलं. पडवीत देवेशभाई ओठांवर बोट ठेवून बसले होते. तिने आवाज खाली आणला. "कोणी आजारी आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "माझी बहीण झोपली आहे."

गाडीवाल्याचा हात हॉर्नवर होता. तिने तो धरला, आणि त्यांनी गाडी आवाज न करता मागे घेतली.

मयू